बाटलीवरचे नाव

नाशकात चळवळीच्या कामात तीस वर्षे गेली, तरी वाइन जेथे तयार होते ती जागा आम्ही कधी पाहिली नव्हती. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची दारे आम्हांस पाठ आहेत. कोणत्या दाराशी सभा घेतली आणि कोणत्या दाराशी मार खाल्ला, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगू. पण त्याच कारखान्यांपासून तासाभराच्या वाटेवर द्राक्षाचे मळे आहेत, तेथे मुंबई-पुण्याची माणसे शनिवार-रविवारी मोटारी भरभरून येतात, हिंडतात, चाखतात, बाटल्या घेऊन जातात. आणि त्या वाटेला आम्ही कधी गेलो नाही. संकोच होता, आणि थोडा अहंकारही होता. ती श्रीमंतांची करमणूक, तेथे कामगार चळवळीच्या माणसाचे काय काम, अशी आमची समजूत होती.

ती समजूत मोडली ती मित्रांमुळे. सोलापूरचे आमचे एक जुने स्नेही विडी कामगारांत काम करतात. ते एका बैठकीसाठी जानेवारीच्या अखेरीस नाशकास आले. त्यांच्याबरोबर कामगार न्यायालयात उभे राहणारे आमचे वकील मित्र होते, एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते, आणि शाळेत इतिहास शिकविणारे एक गुरुजी होते. बैठक आदल्या दिवशीच आटोपली. दुसरा दिवस मोकळा पडला. गुरुजी म्हणाले, "पंचवटी पाहिली, पांडवलेणी पाहिली. आता लोक हल्ली नाशकास जे पाहावयास येतात ते पाहू." अशा रीतीने आम्ही पाच जण एका भाड्याच्या गाडीतून सकाळी आठास दिंडोरीच्या वाटेला लागलो.

आमचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे कामगार वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा या लेखात जो इतिहास येईल तो पंडिताचा नव्हे. एका दिवसाच्या सहलीत जे प्रश्न पडले त्यांचा माग काढताना जे हाती लागले, ते येथे मांडीत आहो.

पहिल्या मळ्यावर पोचलो तो तोडणी संपत आली होती. वाइनची द्राक्षे पहाटे तोडतात. ऊन चढले की घड तापतो, आणि तापलेला घड कारखान्यात पोचेपर्यंत वाटेतच आंबू लागतो. म्हणून थंडीत, अंधार असतानाच, माणसे मळ्यात उतरलेली असतात. आम्ही पाहिली ती टोळी बारा-चौदा जणांची होती, निम्म्याहून अधिक बाया. डोक्याला रुमाल, हातात लहान कात्री, पायाशी प्लास्टिकचे क्रेट. आमचे कंडक्टर मित्र बोलके. त्यांनी एका बाईंना विचारले, "मावशी, कुठल्या तुम्ही?"

"सुरगाण्याकडच्या."

"गोड आहेत का द्राक्षं?"

बाई हसल्या. "खायची नाही ती, दादा. बारीक मणी, बी फार. ती दारूची."

मग त्यांनीच उलट विचारले. आमच्यापैकी एकाच्या खिशाला पेन होते, त्यावरून आम्ही कोणी सरकारी वा माहीतगार माणसे असू असे त्यांस वाटले असावे. "तिकडं पिंपळगावाकडं छाटणीला एकराला काय चाललं होतं यंदा?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पाच जणांत मिळून शे-सव्वाशे वर्षांची चळवळ होती, आणि पिंपळगावचा एकरी दर एकालाही ठाऊक नव्हता. बाईंनी मान हलविली आणि क्रेट उचलला. हा प्रश्न आमच्या डोक्यातून पुढे दिवसभर गेला नाही, आणि तो पुन्हा येणारच आहे.

तेथून वायनरीत गेलो. एका तरुण मुलाने आम्हांस हिंडविले. कृषी महाविद्यालयातला पदवीधर, बोलणे गोड, आणि आपल्या कामावर खरे प्रेम असलेला. त्याने पोलादाच्या उंच टाक्या दाखविल्या, त्यांना बाहेरून थंडाई कशी देतात ते सांगितले. पांढऱ्या वाइनीसाठी रस आधी पिळून घेतात आणि मग आंबवितात. लाल वाइनीसाठी सालीसकट आंबवितात, कारण रंग सालीत असतो, गरात नसतो, हे आम्हांस तेथेच कळले. ओकच्या लाकडाची पिंपे फ्रान्सहून आलेली होती. वाणांची नावे त्याने मोठ्या आवडीने घेतली: शनँ ब्लां, सोव्हिन्यॉं ब्लां, शिराझ, काबर्ने. मग एका लांब टेबलाशी बसवून त्याने पेले मांडले. पेला पोटाशी धरावयाचा नाही, दांडीला धरावयाचा. हाताच्या उबेने चव जाते. आधी पाहावयाचे, मग पेला फिरवून वास घ्यावयाचा, मग एक घोट तोंडात घोळवावयाचा. वकील मित्र पीत नाहीत. ते प्रत्येक पेल्याचा नुसता वास घेऊन गंभीरपणे मान डोलवीत राहिले. गुरुजींना एका पेल्यात पेरूचा वास आला, आणि त्या मुलाने "अगदी बरोबर" म्हणताच ते पहिला नंबर आल्यासारखे खूष झाले. कंडक्टर मित्रांचा अभिप्राय एवढाच, की "आंबट आहे, पण वाईट नाही."

आम्हीही चाखली. खोटे कशास सांगावे, आवडली.

मग आम्ही त्या मुलाला विचारले, "ही छाटणी कोण करते?" तो क्षणभर घुटमळला. माती कोणती, वाण कोणता, पिंप कोठले, तापमान किती, हे सारे त्याच्या जिभेवर होते. हे मात्र नव्हते. "त्याला कॉन्ट्रॅक्टर आहे," तो म्हणाला. त्यात त्याचा दोष काही नाही. त्याला कोणी तसा प्रश्न कधी विचारला नसेल. पण आमच्या इतिहासाचा धागा तेथून सुरू होतो, कारण छाटणी हा या देशातल्या द्राक्षाचा प्राण आहे.

तो कसा, ते जरा सविस्तर सांगितले पाहिजे.

थंड मुलखात द्राक्षाचा वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपतो आणि वसंतात आपोआप जागा होतो. झोपेत असताना वर्षातून एकदा त्याची छाटणी करतात. आपल्याकडे तशी थंडी नाही. वेल झोपतच नाही. त्याला तसाच सोडला तर नुसता वाढत राहील. फळ केव्हा धरील, किती धरील, याचा नेम नाही. म्हणून दख्खनच्या माळ्याने वर्षाला दोन छाटण्या बसविल्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी. ती फळासाठी नव्हे, काडीसाठी. त्या छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडाचा गर्भ धरतो. मग पावसाळा सरत आला की ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. काडी कोणत्या डोळ्यावर कापावयाची ते ठरवून कात्री लावतात, राखलेल्या डोळ्यांना औषध चोळतात, तेव्हा ते फुटतात आणि त्यातून घड बाहेर येतो. पुढे चारेक महिन्यांनी, ऐन हिवाळ्यात, फळ हाती लागते. फ्रान्सात वेलाला ऋतू उठवितो, येथे त्याला माणसाचा हात उठवितो. डोळा चुकला तर वर्ष गेले. आणि वेळ चुकली तरीही गेले: छाटणी लवकर झाली तर परतीचा पाऊस फुलोरा झोडपतो, फार उशिरा झाली तर मणी उन्हात सापडतात. थोडक्या आठवड्यांत हजारो एकर छाटून झाले पाहिजेत.

हा प्रकार नवा नव्हे. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेला इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादेस येऊन गेला. तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने लिहून ठेविले आहे. गुरुजींनी ही गोष्ट गाडीत सांगितली तेव्हा आम्हांस मौज वाटली. परदेशी पाहुण्याला दोनदा धरणारे फळ दिसले. ते दोनदा धरविणारा हात त्याच्याही वहीत आलेला नाही.

दारूचा इतिहास याहून जुना, पण तो आयातीचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक वहीत बरुगाझा म्हणजे भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत द्राक्षाची दारू आहे, आणि तीतही इटलीची अधिक पसंतीची, असा शेरा आहे. आपल्याकडून पैठण आणि तगर म्हणजे तेर येथला माल त्याच बंदरास जाई. गाड्या भरून जात ते आपले कापड आणि दगड. जहाजातून उतरे ती दारू. दोन हजार वर्षांपूर्वीही विलायती बाटलीची ऐट होतीच म्हणावयाची.

मधला काळ आम्ही सोडून देतो. नाशिककडे भोकरी, साहेबी अशी बीची द्राक्षे खाण्यासाठी होतच होती. खरा पालट झाला तो बिनबियांच्या द्राक्षाने, आणि येथे आमच्या गोष्टीस अमेरिकेची वाट फुटते. पश्चिम आशियातले एक जुने बिनबियांचे द्राक्ष १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्सन नावाच्या इंग्रज वसाहतवाल्याने लावले, आणि त्याला त्याचेच नाव पडले: थॉम्सन सीडलेस. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते महाराष्ट्रात आले आणि त्याने नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांचे रूप बदलून टाकले. आपल्या शेतकऱ्यांनी ते नुसते लावले असे नाही. मळ्यात एखादी फांदी निराळे फळ देताना दिसली की ती हेरून, वाढवून, नवे वाण काढले. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ काढले. त्यातले ‘तास’ म्हणजे तासगाव. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांचे ‘सोनाका’. त्यात सोलापूर, नान्नज आणि काळे ही तिन्ही नावे एकेका अक्षराने बसविली आहेत. सोलापूरच्या आमच्या स्नेह्यांना याचा मोठा अभिमान. तो रास्तही आहे. इंग्रजाचे नाव मिरविणाऱ्या फळावर मराठी गावाचे आणि शेतकऱ्याचे नाव चढले, ही लहान गोष्ट नव्हे.

वाइन मात्र उशिरा आली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या राज्यात द्राक्षापासून दारू काढण्याचा विचार सरळपणे करणे अवघडच होते. १९८० च्या दशकात नारायणगावास शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने फेसाळ वाइन काढली आणि ती परदेशीही गेली. नाशकात राजीव सामंत हे अमेरिकेत शिकून, तेथील नोकरी सोडून परतले. त्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाइनचे वाण लावले आणि २००० साली त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले, करात सवलती दिल्या, परवाने सोपे केले. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखले. पाच-सात वर्षे शेतकऱ्यांनी हुरूपाने वाइनचे वाण लावले. मग २००८ सालची जागतिक मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, वाइनचा खप घसरला. कित्येक शेतकऱ्यांचा माल कोणी उचलीना, कित्येकांचे पैसे थकले, आणि हाताने लावलेले वेल लोकांनी हाताने उपटून टाकले. द्राक्षबागाईतदाराला सरसकट धनदांडगा समजणाऱ्या आमच्या काही सहकाऱ्यांनी हे दृश्य पाहावयास हवे होते.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळतो, कारण परतीच्या वाटेवर गाडीत जी चर्चा रंगली ती याच गोष्टीवर. थॉम्सनचे द्राक्ष ज्या कॅलिफोर्नियात वाढले तेथेच डेलानो नावाचे गाव आहे. तेथल्या मळ्यांत फिलिपिनो आणि मेक्सिकन मजूर राबत. १९३५ साली अमेरिकेत कामगारांना संघटनेचा हक्क देणारा मोठा कायदा झाला, पण त्यातून शेतमजूर वगळले होते. (आपल्याकडे १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात शेती पहिल्यापासून होती. कायद्यात असणे आणि हातात पडणे यांत किती अंतर असते ते येथे सांगत बसत नाही.) मळेवाल्यांची जुनी युक्ती अशी, की फिलिपिनोंनी संप केला की मेक्सिकनांना आणावयाचे, मेक्सिकनांनी केला की फिलिपिनोंना. ८ सप्टेंबर १९६५ रोजी लॅरी इटलिआँग यांच्या पुढारीपणाखाली फिलिपिनो मजुरांनी ऐन तोडणीत कात्र्या खाली ठेविल्या. त्यांची मागणी तासाला एक डॉलर चाळीस सेंटची होती. सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांची मेक्सिकन मजुरांची संघटना अवघ्या तीन वर्षांची, संपासाठी तयार नसलेली. तरीही आठच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, तिने संपात उतरावयाचे ठरविले. जुनी युक्ती त्या दिवशी मोडली.

पण संप मळ्यात जिंकता येईना. मजूर दुसरीकडून आणता येत होते, आणि मळे इतके पसरलेले, की पहारा कोठे कोठे ठेवणार? कारखान्याला दार असते, मळ्याला नसते. हे वाक्य आम्हांस कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही. तेव्हा त्यांनी लढा मळ्यातून उचलला आणि दुकानात नेला. चावेझ हे गांधीजींना मानणारे. उपोषण, पदयात्रा आणि बहिष्कार ही तिन्ही साधने त्यांनी वापरली. १९६६ च्या मार्च-एप्रिलात डेलानोहून सॅक्रामेंटो या राजधानीपर्यंत सुमारे तीनशे मैलांची पदयात्रा निघाली. ती चालू असतानाच पहिला मोठा मालक नमला.

तो कोण, हे पाहण्यासारखे आहे. ती शेन्ली नावाची दारूची कंपनी होती. तिचे डेलानोस द्राक्षमळे होते, पण तिचा मुख्य धंदा बाटल्यांचा. बाटलीवर नाव असते. "ही बाटली घेऊ नका" असे गिऱ्हाइकाला सांगता येते आणि गिऱ्हाइकाला ती ओळखता येते. पुढच्या दीडेक वर्षात गॅलो, पॉल मॅसन, अल्माडेन अशा वाइन कंपन्यांनीही करार केले. अडून राहिले ते खाण्याच्या द्राक्षाचे मालक. सुट्या द्राक्षावर नाव नसते. ज्युमारा नावाच्या बड्या मळेवाल्यावर बहिष्कार पुकारला, तर त्याने आपला माल इतरांच्या छापाच्या पेट्यांतून पाठविण्यास आरंभ केला. शेवटी १९६८ साली संघटनेने कॅलिफोर्नियाच्या एकूण एक खाण्याच्या द्राक्षावर बहिष्कार घातला. संपकरी मजूर आणि त्यांचे कुटुंबीय न्यूयॉर्क, शिकागो, टोरांटो अशा शहरांत जाऊन राहिले, दुकानांपुढे उभे राहून बायाबापड्यांना विनवू लागले. अमेरिकी लष्कराने व्हिएतनाममधल्या सैनिकांसाठी द्राक्षांची खरेदी वाढविली, तरी भाव सावरले नाहीत. २९ जुलै १९७० रोजी डेलानोच्या मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. त्यानंतर करारातल्या पेट्यांवर संघटनेचा काळा गरुड छापून येऊ लागला. ज्या फळाला नाव नव्हते त्याला नाव मिळाले, आणि ते मजुराचे.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. चळवळीच्या माणसाने विजयापाशीच गोष्ट संपविणे ही आपली जुनी खोड आहे. ज्यांनी पहिल्यांदा कात्री ठेविली ते फिलिपिनो संघटनेत हळूहळू बाजूस पडले. इटलिआँग १९७१ साली बाहेर पडले. १९७३ साली करारांची मुदत संपताच पुष्कळ मालकांनी दुसऱ्याच एका संघटनेशी संगनमत केले आणि बहुतेक करार हातचे गेले. शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा कायदा कॅलिफोर्नियाने केला, तो १९७५ साली.

गाडीत वकील मित्र म्हणाले, "हे सारे तिकडचे. येथे बहिष्कार घालणार कोणावर? नाशिकचा बागाईतदार म्हणजे काही डेलानोचा मळेवाला नव्हे. चार-पाच एकरांचा धनी, बँकेचा देणेकरी." त्यांचे म्हणणे खरे आहे. येथे मजूर आणि बाटली यांच्या मधे शेतकरी उभा आहे, आणि बाटलीवाल्याने भाव पाडला की तो तोच भार पुढे मजुरावर टाकणार. मजुराने नुसते शेतकऱ्याशी भांडून उपयोग नाही. आणि शेतकऱ्याने मजुराला विसरून कंपनीशी भांडले तर भांडण अर्धेच राहणार.

आमची स्वतःची फजिती येथेच सांगून टाकतो. २००६ साली आम्ही द्राक्षमजुरांची संघटना काढावयास निघालो. शंभर पानांचे पावतीपुस्तक छापले, किमान वेतनाच्या रोजावर भाषणे केली, आणि ऑक्टोबरातल्या एका रविवारी मेळावा ठरविला. मांडव घातला, सतरंज्या अंथरल्या. माणसे आली अकरा, त्यांतली चार चहावाल्याची. बाकी सारी छाटणीला गेली होती. आम्ही कारखान्याच्या सवयीने रविवार धरला. वेलाला रविवार नसतो हे आमच्या ध्यानात आले नाही. त्याहून मोठी चूक अशी, की आम्ही रोजाची भाषा बोलत होतो आणि ती माणसे एकराची. छाटणी, डोळ्यांना औषध लावणे, फेलफूट काढणे, विरळणी, यांतले बरेचसे काम टोळ्या एकरी ठरवून घेतात. पेठ, सुरगाणा, कळवण या बाजूंची माणसे एका मुकादमाच्या मागे येतात. कधी उचल आधीच घेतलेली असते. आणि मुकादम बागेत शिरण्याआधी बांधावरच घासाघीस करतो. छाटणी थांबणार नाही हे त्याला ठाऊक असते, आणि शेतकऱ्यालाही ठाऊक असते. म्हणजे आम्ही ज्यांना संघटना शिकवावयास गेलो होतो त्यांच्याजवळ सौद्याची एक ताकद आधीच होती. ती दरसाल थोडक्या आठवड्यांची आणि ज्या त्या टोळीपुरती. शेजारच्या गावात काय दर मिळाला हे मात्र टोळीला कळत नाही. कळते तेव्हा छाटणी उरकलेली असते. त्या पावतीपुस्तकातली नव्वदावर पाने अजून आमच्या कपाटात कोरी आहेत.

आणि ही माणसे चालू शकत नाहीत, एकत्र येऊ शकत नाहीत, असेही कोणी समजू नये. मार्च २०१८ मध्ये नाशकाहून निघून, घाट उतरून, मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत जो शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला, त्यात याच पेठ-सुरगाणा-दिंडोरीचे आदिवासी हजारोंनी होते. वनजमिनीच्या हक्कासाठी ते सहा दिवस रक्ताळल्या पायांनी चालले. परीक्षेच्या दिवसांत मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच पार केला, हे मुंबईकर विसरलेले नसतील. जमिनीसाठी जी माणसे मुंबई गाठतात, तीच छाटणीच्या दराचा प्रश्न आला म्हणजे एकेका बांधावर एकेकटी पडतात.

सोलापूरचे स्नेही बराच वेळ गप्प होते. मग ते म्हणाले, "आमच्या विडीचे बघा. विडी घरोघर वळली जाते. तुमच्या मळ्याला जसे दार नाही तसे आमच्या कारखान्यालाही दार नाही. आम्ही दार कोठे शोधले? मालात. १९७६ साली कायदा झाला, हजार विड्यांमागे उपकर बसला, आणि त्या पैशातून विडी कामगाराला ओळखपत्र मिळाले, दवाखाना मिळाला, पोरांना शिष्यवृत्ती मिळाली." सोलापूरजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली, ती त्यांनी स्वतः विटा चढताना पाहिलेली. २०१७ साली नवी करपद्धती आली आणि विडीवरचा तो उपकर गेला, हे सांगताना त्यांचा आवाज उतरला. "पण वाट होती," ते म्हणाले. "बाटलीमागे एक रुपया म्हटला तर पिणाऱ्याच्या गावीही नसेल."

२०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला. एका बाजूने शेतकऱ्याचे भले होईल म्हणून सांगितले जाई, दुसरी बाजू घरे बुडतील म्हणून सांगे. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला. दोन्ही बाजूंची भाषणे आम्ही वर्तमानपत्रांतून नेमाने वाचली. छाटणी करणाऱ्याचा उल्लेख आमच्या वाचनात कोठेही आला नाही. दारू घरे बुडविते हे आम्ही वस्तीत डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या बाबतीत आम्हांस कोणी धडा देण्याची गरज नाही. पण वाइन बनणारच असेल, आणि ती बनते आहे, तर तिच्या हिशेबात सुरगाण्याच्या बाईंचा रकाना असलाच पाहिजे.

गुरुजींनी एक बाटली विकत घेतली होती. गाडी गंगापूर रस्त्याला लागली तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवरचा कागद चष्मा सरकवून मोठ्याने वाचून दाखविला. कंपनीचे नाव, वाणाचे नाव, द्राक्षाचे साल, नाशिकचे नाव, ७५० मिलिलिटर, आरोग्यास अपायकारक असल्याचा इशारा. त्यांनी बाटली उलटसुलट फिरवून पाहिली आणि पिशवीत ठेवून दिली. कंडक्टर मित्र म्हणाले, "आमच्या तिकिटावर गाडीचा नंबर असायचा. तक्रार करायची तर कोणाची करायची ते प्रवाशाला कळायचं."

त्या बाईंचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. घरी आल्यावर आम्ही एक दोनशेपानी वही काढली आणि तिच्यावर रकाने आखले: गाव, तारीख, काम, एकरी दर, टोळीत माणसे किती, उचल किती. गोडी छाटणीस अजून अवकाश आहे. त्या वेळी मजूर जेथे पहाटे उभे राहतात त्या नाक्यांवर आमची पोरे पावतीपुस्तक न नेता ही वही घेऊन जातील. पिंपळगावचा दर दिंडोरीला, दिंडोरीचा मोहाडीला, त्याच दिवशी फोनवरून सांगावयाचा, एवढेच काम. मांडव नाही, सतरंज्या नाहीत. आणि मेळावा घ्यावयाचाच झाला तर तो छाटणी उरकल्यावर, त्यांच्याच गावी घ्यावयाचा, असे आमच्या पाच जणांत ठरले आहे.